थिएटरचं पोट

धाकटी सून बाकावर बसली आणि तिथून सगळं बिनसलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, अगदी मागे, स्वस्त तिकिटाचे लाकडी बाक होते, त्यातल्या कोपऱ्यातल्या एका बाकावर. पण या घराला बाक काय आणि खालच्या मखमली खुर्च्या काय, दोन्ही सारखेच वर्ज्य. पणजोबांनी ऑपेरा हाउस बांधलं तेव्हापासून घरातलं एकही माणूस प्रेक्षकांच्या जागेवर बसलेलं नव्हतं. खुर्ची तिकीट काढणाऱ्याची, आपली जागा पडद्यामागे, असं पणजोबांनी सांगून ठेवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी ते असं काही पाळलं, की अण्णांच्या बायकोच्या शोकसभेसाठी बंद थिएटर एका दिवसापुरतं उघडलं तेव्हा अख्खं गाव खुर्च्यांवर बसलं आणि घरचे सगळे विंगेत उभे राहिले. लोक म्हणाले, केवढी शिस्त! शिस्त कसली, हट्ट होता नुसता. पण आपल्या हट्टाला शिस्त म्हणणारं कुणी भेटलं की कुणाला आवडत नाही?

ती रविवारची दुपार होती. दुरुस्तीचं काम संपत आलं होतं. छताचं गिलावाकाम झालं होतं, खुर्च्यांना नवी मखमल चढली होती, फक्त जिन्याच्या कठड्याचा रंग अजून हाताला लागत होता. उद्घाटनाची तारीख ठरून आमंत्रणंही गेली होती. आणि आज, इतक्या वर्षांनी, आत्या, अण्णांची बहीण, रंगमंचावर उभी राहून गाणार होती. बाहेरचं कुणी नको, फक्त घरचे, असं अण्णांनीच बजावलं होतं.

अण्णा त्यांच्या नेहमीच्या जागी, उजव्या विंगेत, पडद्याच्या दोरापाशी. उभ्या जन्मात त्यांनी तोच एक दोर सांभाळला होता. मोठा मुलगा दादा, ज्यानं बांधकामाची सगळी जबाबदारी अंगावर घेतली होती, तो वादकांच्या पिटमध्ये, आपल्या नव्या फरशीवर पाय रोवून. धाकटा, देखावे रंगवणारा, डाव्या विंगेत एका शिडीला टेकून. दादाची बायको, जिला धाकटा वहिनी म्हणे आणि म्हणून सगळेच वहिनी म्हणत, ती कपडेपटाच्या दाराशी. तोंडात टाचण्या असल्यामुळे गप्प.

आणि धाकट्याची बायको, दातांची डॉक्टर. सकाळपासून पेशंट बघून तिचे पाय भरून आले होते. गॅलरीतले दिवे लागतात का ते बघायला ती वर गेली आणि तिनं तिथला तो बाक पाहिला.

लग्नाआधी तो बाक तिचा होता. शिकायला म्हणून ती या गावात आली आणि दर शनिवारी या कोपऱ्यात येऊन बसू लागली. पुढे देखावे रंगवणाऱ्या एका मुलाशी ओळख झाली, लग्न झालं, आणि सासरी आल्या आल्या बाक सुटला. मग इतरांबरोबर विंगेत उभं राहायचं, नटांच्या पाठी बघायच्या. तिनं कधी तक्रार केली नाही. पण आज आसपास कुणी नव्हतं, पाय ठणकत होते, आणि खाली आत्यानं अंगाई सुरू केली. ती बसली.

तिसऱ्या अंकातली अंगाई. आई बाळाला निजवते, आवाज खाली खाली येत जातो, आणि शेवटची ओळ जेमतेम श्वासाइतकी उरते. तिच्यासाठीच लोक पुन्हा पुन्हा येत.

आत्या थांबली. पिटमधून दादानं टाळ्या वाजवल्या. वहिनीनं तोंडातल्या टाचण्या काढून डोळे पुसले. अण्णांनी दोर सोडायला हात उचलला.

तेवढ्यात वरून आवाज आला, "आत्या, का थांबलात? शेवटची ओळ राहिली."

आत्यानं मान वर केली. "गायले की गं."

"नाही आली."

"अगं, गायले मी. तुझं लक्ष नसेल."

"लक्षच होतं. तुमचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही."

मग अण्णा विंगेतून पुढे आले. वर बघत त्यांनी विचारलं ते मात्र भलतंच.

"तू बसलीयेस का?"

*

ती खाली येईपर्यंत रंगमंचावर चांगलीच जुंपली होती.

"ती बसली, हा मुद्दा नाहीच आहे, अण्णा," धाकटा म्हणत होता. खरं तर बायको बसली याचा त्यालाही धक्काच बसला होता.

"मग काय मुद्दा आहे? घरात आजवर कुणी..."

"अण्णा, शेवटची ओळ आली नाही," धाकटी मधेच म्हणाली. तिला दम लागला होता. "आधीचंही सगळं गोधडीखालून आल्यासारखं येतंय. पूर्वी असं नव्हतं."

"इथे तर स्वच्छ ऐकू आलं," दादा म्हणाला. "पिटमध्ये उभा होतो मी. एक शब्द चुकला नाही."

"मलाही," अण्णा म्हणाले.

"मलाही आलं बाई," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला येणारच. तुम्ही सगळे त्यांच्यापासून हातभरावर उभे होता!"

उत्तर नसलं की या घरात आवाज चढतो. नव्या मखमलीनं आवाज खाल्ला असेल, दादा म्हणाला. गिलावा अजून ओला आहे. रिकामं थिएटर असंच वाजतं, माणसं भरली की बघ. एकामागून एक कारणं काढत होता आणि प्रत्येक कारणाबरोबर त्याचा चेहरा जास्त लाल होत होता. शेवटी तो म्हणाला, "आणि दात काढणारीला सुरातलं काय कळतं?"

आत्यानं दादाकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि सगळं आपल्या अंगावर घेऊन मोकळी झाली. ही तिची जुनी खोड. भावाच्या घरात भांडण पेटलं की मध्ये जाऊन उभी राहायची.

"अरे, माझाच गळा म्हातारा झालाय," ती म्हणाली. "तेव्हाची मी आणि आत्ताची मी, फरक नको का पडायला? उद्घाटनाला एखादी तरुण मुलगी गाऊ दे. मी पुढच्या रांगेत... मी विंगेत उभी राहीन."

सगळ्यांना हायसं वाटलं. तेही इतकं उघड, की आत्याचा चेहरा उतरला. धाकटीनं तो उतरलेला पाहिला, आणि आता माघार घ्यायची नाही असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"गळा तसाच आहे, आत्या. घराला काहीतरी झालंय," ती म्हणाली आणि दादाकडे वळली. "दादा, पोटाचं काय केलंत?"

पोट म्हणजे पिटच्या फळ्यांखालची मोकळी जागा. पणजोबांनी तिथे दगडी कमानी उभारून, वर तुळया टाकून, खाली मुद्दाम पोकळी ठेवली होती. घरातली मुलं तिथे लपाछपी खेळायची. पोटात जाऊ नकोस, कोळी आहेत, असं प्रत्येक पिढीतल्या आईनं सांगितलं होतं.

"भरलं," दादा म्हणाला. "काँक्रीट ओतलं. वरपर्यंत. तुझ्यासमोरच तर गाडी आली होती."

"कशाला भरलंत?"

"कशाला?" दादाचा आवाज एकदम खाली आला. "तू मला विचारतेस, कशाला?"

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची आई त्या पिटमध्ये पियानो वाजवायची. एका तालमीत फळ्या मोडल्या आणि ती स्टुलासकट पोटात गेली. दादा तेव्हा तिच्याच नोटांची पानं उलटायला शेजारी उभा होता. त्यानं तिचा हात धरला होता आणि तो हात सुटला होता. आई वाचली, पण कंबरेतून गेली ती गेलीच. पुन्हा कधी पियानोपुढे बसली नाही. त्यानंतर लवकरच ऑपेरा हाउसला कुलूप लागलं. ते कुलूप उघडायचं ठरलं तेव्हा दादानं बाकी सगळ्या गोष्टी घरच्यांवर सोडल्या होत्या. रंग कुठला, मखमल कुठली, काही म्हणजे काही बोलला नाही. पोटाचं मात्र त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. काँक्रीट ओतलं त्या दिवशी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाइपजवळ उभा होता, आणि घरी येऊन पोटभर जेवला होता.

"आता तिथे हत्ती नाचवा," तो म्हणाला. "या घरातलं कुणी तिथून पुन्हा पडणार नाही. विषय संपला."

"आई पोकळीमुळे पडल्या नाहीत. तुळया सडल्या होत्या."

"तुला काय माहीत?"

"दादा, आमच्या धंद्यातही पोकळी भरतातच. पण भरायच्या आधी विचारतात, दुखतंय का. हिची तर तक्रारच नव्हती."

धाकट्याला हसू आलं. दादानं त्याच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विरलं. पण हसला तो हसलाच, आणि त्या क्षणी तो कुणाच्या बाजूचा ते सगळ्यांना कळलं.

वहिनीनं हातातला झगा खुर्चीवर, म्हणजे रंगमंचावरच्या, नाटकातल्या खुर्चीवर टाकला.

"अहो, मी विचारलं होतं तुम्हाला," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढी जागा खाली मोकळी कशाला ठेवली असेल म्हणून. तुम्ही म्हणालात, पूर्वीच्या लोकांकडे सिमेंट नव्हतं."

"तू पण?"

"मी पण काय? मी नुसतं आठवण करून देतेय."

*

अण्णा परत दोराला हात लावून उभे होते. सून बसली याचा राग अजून गेला नव्हता, पण त्या रागाच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते त्यांना जास्त टोचत होतं. सून म्हणते ते खोटं, हे इथे कोण सांगू शकेल? तिच्याखेरीज घरातल्या कुणीही हे थिएटर समोरून ऐकलेलंच नव्हतं. ना आपण, ना आपल्या वडिलांनी. तीन पिढ्या जेवण रांधलं आणि चव पाहिली नाही.

"मी वर जातो," ते म्हणाले.

"उभ्यानं ऐका, अण्णा," धाकटा घाईनं म्हणाला. "उभ्यानं चालेल."

"उभ्यानं कोण ऐकतं नाटक? बसूनच ऐकतो." मग ते वहिनीकडे वळले. "सूनबाई, खिडकी उघड. तिकीट फाड."

"काय फाड?"

"तिकीट. गॅलरीचं. खुर्ची तिकीट काढणाऱ्याची, असं आहे ना? मग तिकीट काढून बसेन." त्यांनी खिशात हात घालून नोट काढली, मग धाकटीकडे बघून विचारलं, "तू काढलं होतंस?"

"नाही," ती म्हणाली. "फुकटी आहे मी."

"दोन फाड."

वहिनी खरोखरच गेली. उद्घाटनासाठी छापून आलेली तिकिटं खिडकीत गठ्ठ्यानं पडली होती. त्या थिएटरच्या नव्या आयुष्यातलं पहिलं तिकीट अण्णांना विकलं गेलं, आणि वहिनीनं, सवय म्हणा की गंमत म्हणा, "सुटे नाहीत का?" असं विचारलंच.

तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना अण्णा प्रत्येक वळणावर थांबले. कठड्याला हात लागून तळवा रंगला. धाकटी बरोबर होती, पण आधार द्यायचं धाडस तिला झालं नाही.

"हीच का तुझी जागा?" बाकाशी येऊन त्यांनी विचारलं.

"हो."

"पाय पुढे घ्यायला जागा नाही."

"स्वस्तातली आहे, अण्णा."

ते बसले. त्यांना समोर पूर्ण रंगमंच दिसला, आणि त्याच्या मधोमध बहीण. केवढीशी होती ती! आयुष्यभर त्यांनी तिला एका बाजूनं पाहिलं होतं. तिचा उजवा कान, केसातला काटा, गाताना मागे मुठीत धरलेला झग्याचा घोळ. गाताना तिचा चेहरा असा होतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.

आत्यानं पुन्हा अंगाई सुरू केली. अण्णांच्या ओठांवर शब्द होते म्हणून त्यांना ते कळले. नुसत्या कानांवर विसंबले असते तर अर्धे निसटले असते. आवाज येत होता, पण वाटेत कुणीतरी त्याच्यावर हात ठेवल्यासारखा. मग शेवटची ओळ आली. आत्याचे ओठ हलले, मान खाली झाली. वर काहीच पोहोचलं नाही.

या ओळीवर ते दोर सोडायचे, इंचाइंचानं. पडदा खाली आला की पलीकडून हुंदके ऐकू यायचे. त्यांना वाटायचं, पडदा इतका सावकाश सोडतो म्हणून लोक रडतात. तसं ते एकदा बायकोला म्हणालेही होते, आणि ती खूप हसली होती.

"पूर्वी ही ओळ इथे यायची?" त्यांनी विचारलं.

"शेजारी बसून कुणी सांगावी तशी."

अण्णा उठले नाहीत. बसूनच त्यांनी आवाज टाकला. दोराच्या टोकाशी उभं राहून आयुष्यभर माणसांना हाका मारलेला तो आवाज होता, त्याला पोटाची गरज नव्हती.

"दादा! फोड ते!"

"अण्णा, आमंत्रणं गेलीत!"

"पुन्हा पाठव. घर मुकं झालंय, ते बघायला का बोलवायचं लोकांना?"

"मी नाही फोडणार," दादा ओरडला. "आईचा हात सुटलाय माझ्या हातातून. तुम्ही सगळे विसरलात. मी नाही विसरलो!"

आत्या रंगमंचाच्या कडेला येऊन, पाय पिटमध्ये सोडून बसली, दादाच्या अगदी जवळ.

"बाळा," ती म्हणाली, "कुणी विसरलेलं नाही. तू एकदा वर जा. तुझी आई वाजवायची तेव्हा तू तिच्या शेजारी असायचास. तिचं वाजवणं लोकांना कसं ऐकू यायचं, हे तुला तरी कुठे माहीत आहे?"

दादा पिटमधून बाहेर आला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "एक तिकीट दे."

तो वर आला आणि बापाशेजारी दाटीवाटीनं बसला. आत्यानं तिसऱ्यांदा गायलं. थकली होती, पण कणभरही हात आखडता घेतला नाही. शेवटच्या ओळीला दादा पुढे वाकला. इतका, की कपाळ समोरच्या बाकाला टेकलं. काही आलं नाही.

तसाच वाकून त्यानं धाकटीला विचारलं, "आईचं कसं ऐकू यायचं इथून?"

तिनं तिरकं काही बोलायचं टाळलं. तो चिडला होता तेव्हा तिला त्याचा राग आला होता. आता तिला त्याची माया वाटली.

"आधी कानाला नाही यायचं," ती म्हणाली. "आधी पायांना यायचं. मग बाकातून मांड्यांना. खालचे सूर लाकडातून चढत वर यायचे. मी पहिल्यांदा आले तेव्हा घाबरले होते, वाटलं बाक हलतोय. मग खाली वाकून पाहिलं तर एक बाई पियानो वाजवत होती. तेव्हा मी तुमच्या घरात कुणाला ओळखत नव्हते, दादा. आईंना ओळखत होते."

दादानं दोन्ही तळवे बाकावर टेकले, आणि त्या थंड, गप्प लाकडावर हात ठेवून तो रडला. मोठ्यानं, लाज न बाळगता. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात रंगाचा होता, सदऱ्यावर पंजा उमटला.

"फोडतो," दादा म्हणाला. "पण तुळया मी निवडणार. एकेक. आणि प्रत्येक तुळईखाली दगडी खांब. पोकळ राहील, पण पडणार कुणी नाही."

"तेच तर म्हणतोय," अण्णा म्हणाले. ते काही तसं म्हणाले नव्हते, पण कुणी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट फोडायचा ब्रेकर आला. मजुरांच्या हातातून तो दादानं घेतला. पहिला घाव घातला तेव्हा धाकटा त्याच्या शेजारी फावडं घेऊन उभा होता, आणि वहिनी आमंत्रणं परत लिहायला बसली होती.

*

उद्घाटन पुढे गेलं, ते चांगलंच लांबलं. गावात चेष्टा झाली. भरलेलं पोट रिकामं करणारे म्हणून मंडईत नाव पडलं. दादानं लाकडाच्या वखारीत इतक्या तुळया नाकारल्या, की वखारवाल्यानं त्याला पाहून दार लावून घ्यायला सुरुवात केली. नव्या फळ्या बसल्या तेव्हा त्यानं घरातल्या सगळ्यांना पिटमध्ये उभं केलं आणि उड्या मारायला लावल्या. आत्यालासुद्धा. तो स्वतः खाली, कमानीत, बॅटरी घेऊन बसला होता, आणि फळी करकरली की ओरडायचा, "पुन्हा! जोरात!" शेवटी वहिनी म्हणाली, आता हत्तीच आणा, आमचे गुडघे गेले.

मग आत्या गायली. बाहेरचं कुणी नाही, फक्त घरचे. पण या वेळी विंगा रिकाम्या होत्या. वहिनीनं खिडकीत बसून प्रत्येकाला तिकीट फाडून दिलं, शेवटचं स्वतःला. सगळे वरच्या बाकांवर दाटीनं बसले. खाली पिटमध्ये आईचा पियानो होता आणि त्याच्यावर आत्याची एक शिष्या.

पियानोचा पहिला खालचा सूर आला तेव्हा दादानं दचकून आपल्या पायांकडे पाहिलं. धाकटीनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

आत्याचा आवाज थोडा जाड झाला होता, वरच्या सुरांना एके ठिकाणी थरथरलाही. पण प्रत्येक शब्द त्या बाकापर्यंत येत होता. आणि मग शेवटची ओळ. आत्यानं ती जेमतेम श्वासावर धरली, मान खाली घातली, आणि ती ओळ रिकाम्या खुर्च्यांवरून, नव्या मखमलीवरून, वर येऊन अण्णांच्या कानाशी थांबली. शेजारी बसून कुणी सांगावी तशी.

आत्या डोळे मिटून उभी राहिली. ओळ संपली होती. ती वाट पाहत होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचं शरीर पडद्याची वाट पाहत होतं. पडदा आला नाही. तिनं एक डोळा उघडून उजव्या विंगेकडे पाहिलं. दोर तसाच लोंबत होता.

"अण्णा," तिनं खालून हाक मारली, "पडदा!"

अण्णांनी डोळे पुसले. हातातलं तिकीट त्यांनी कधीच चुरगाळलं होतं. ते उलगडून त्यांनी वर धरलं, तिला दिसेल असं.

"आज नाही," ते म्हणाले. "मी तिकीट काढलंय. तू पुन्हा गा."